चिखलात उतरणारा पाय

'जयपूर फूट' म्हटले की आजही पुष्कळांना सुधा चंद्रन आठवते. १९८६ सालच्या 'नाचे मयूरी' या चित्रपटाने हा कृत्रिम पाय घराघरांत पोहोचवला, हे खरेच. परंतु त्याचे मूळ रंगमंचावर नाही, शेताच्या बांधावर आहे. हा इतिहास मागे पडला की त्या पायाचे खरे वेगळेपणही हातून निसटते.

पाय गमावलेल्यांसाठी भारतात तोवर काहीच नव्हते असे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या काळापासून काम करीत होते. पण त्या काळी प्रचलित असलेला पाश्चात्त्य घडणीचा पाय बुटात घालण्यासाठी होता. आत लाकडी गाभा, टाचेला मऊ रबर आणि घोटा ताठ. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तो पुरेसा होता. शेतकऱ्याचे काय? त्याला अनवाणी नांगरामागे चालायचे असते, भाताच्या खाचरात उतरायचे असते, उकिडवे बसून खुरपायचे असते आणि घरी मांडी घालून जेवायचे असते. चिखलात बूट रुततो, पाण्याने कुजतो. घोटा वाकत नाही म्हणून उकिडवे बसता येत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या ध्यानात आले ते हेच, की असे पाय मिळालेले रुग्णही ते बाजूला ठेवून पुन्हा कुबड्यांकडे वळत होते.

सेठी आणि त्याच रुग्णालयातील कुशल कारागीर रामचंद्र शर्मा ऊर्फ मास्टरजी यांनी १९६८ च्या सुमारास जो पाय सिद्ध केला, त्याला बुटाची गरजच नव्हती. टाच व पंजा सच्छिद्र रबराचा, घोट्याजवळ लाकडी ठोकळा, वरून कातडीच्या रंगाच्या रबराचे वेष्टण आणि हे सारे साच्यात घालून उष्णतेने एकजीव केलेले. टायरवर नवे रबर चढवणाऱ्या दुकानात मास्टरजींना ही युक्ती सुचली, असे सांगितले जाते. हा पाय पाण्याला डरत नव्हता, अनेक दिशांनी वाकत होता आणि ओबडधोबड जमिनीवर टेकत होता. त्यावरची अॅल्युमिनियमची नळी ठोकून घडवण्याचे कसब स्थानिक कारागिरांच्या हातात होतेच.

येथे तंत्राहून महत्त्वाची आहे ती प्रश्नाची मांडणी. 'हा माणूस पुन्हा चालू लागेल का?' हा वैद्यकाचा नेहमीचा प्रश्न. जयपुरात तो 'हा माणूस पुन्हा आपले काम करू लागेल का?' असा झाला. उत्तरासाठी मग शल्यविशारदाच्या ज्ञानाइतकीच कारागिराची नजर आणि रुग्णाची तक्रारही लागली. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय विनामूल्य आणि शक्य तितक्या लवकर बसवून देण्याची पद्धत रुळवली. पेरणी कोणासाठी थांबत नाही. महिनोन् महिने शहरात राहणे शेतमजुराला परवडत नाही. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मात्र एकट्या सेठींना मिळाला. मास्टरजींचे नाव त्या मानाने मागेच राहिले. आपल्याकडे हाताच्या विद्येला जो मान मिळतो, त्याला धरूनच हे झाले.

या यशाची मर्यादाही पाहिली पाहिजे. हरितक्रांतीबरोबर उत्तर भारतात मळणीयंत्रे पसरली आणि पेंढी आत सारताना शेतमजुरांचे हात यंत्रात जाऊ लागले. कृत्रिम पाय शरीराचा भार पेलतो, पाऊल पुढे टाकू देतो. बोटांची पकड आणि स्पर्श परत देणे त्याहून कितीतरी अवघड. हातासाठी तितके स्वस्त आणि तितके उपयोगी उत्तर जयपूरलाही सापडले नाही. म्हणून येथे उपाय यंत्रातच करावा लागला. पेंढी सारण्याची पन्हळ लांब आणि वरून झाकलेली असली, तर हात पात्यांपर्यंत पोहोचत नाही. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः याच यंत्रासाठी. जखमी मजुराला भरपाई देण्याची तरतूदही त्यात आहे.

तेव्हा या इतिहासाचे दोन धडे आहेत. गेलेल्या पायाच्या जागी कामाला साजेसा पाय देता येतो, हा पहिला. दुसरा मळणीच्या खळ्यावरचा आहे: जे परत देता येत नाही, ते जाऊ न देणे हेच साहाय्य.