सरळ रेघांचा जिल्हा

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी साखळीने जमीन मोजायला सुरुवात करून ज्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला, तोच हा लॅम्बटन. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहून नेत, टेकड्यांवरून आणि देवळांच्या गोपुरांवरून कोन मोजत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी त्याचा मृत्यू झाला. इंचाइंचाला खरा उतरणारा नकाशा हे त्याच्या आयुष्याचे काम होते. आज रस्त्यांचे जाळे मेट्रोच्या नकाशासारखे, म्हणजे सरळ रेघा, नेमके कोन आणि ठळक ठिपके यांत काढण्याची जी रीत जगभर रूढ होते आहे, ती लॅम्बटनने मिळवलेली ही अचूकता जाणूनबुजून बाजूला ठेवते. ज्या जिल्ह्यात तो विसावला, त्या वर्धा जिल्ह्यात उभे राहूनच या रीतीचा मागोवा आपण घेऊ.

ही रीत मोजणीच्या नकाशाहून पुष्कळ जुनी आहे. रोमन साम्राज्याच्या रस्त्यांचा एक पट व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास झालेली ही नक्कल असून तिचे मूळ त्याहून कितीतरी आधीचे आहे. पॉइटिंगर या जर्मन विद्वानाच्या नावाने ती ओळखली जाते. हा पट पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम फूटभर उंच आहे. या आकारात जग बसवायचे म्हणून भूमध्य समुद्र दाबून ओढ्याएवढा केलेला, रस्ते डावीकडून उजवीकडे धावणारे, आणि प्रत्येक दोन मुक्कामांच्या मध्ये अंतराचा आकडा. उजव्या टोकाला भारत, तिथे केरळच्या किनाऱ्यावरचे मुझिरिस. देशांचा आकार त्यात शोधू गेलो तर हाती काही लागत नाही. कोणत्या गावानंतर कोणते गाव आणि वाट कुठे फुटते, हे मात्र पटकन सापडते. प्रवाशाला तेवढेच हवे होते.

आपल्याकडे हे ज्ञान चित्रापेक्षा शब्दांत अधिक साठवले गेले. चौदाव्या शतकातली महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा माझ्या मते मराठीतला या परंपरेचा पहिला मोठा दस्तऐवज. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले वा थांबले, ती स्थाने गावागणिक, दिशेसकट आणि देवळासकट त्यात नोंदलेली आहेत. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. वर्धा नदीपलीकडच्या रिद्धपूरला जाणारा भाविक अशा पोथीच्या आधाराने चालू शकत होता. चित्राचे उदाहरण हवे असेल तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला दिल्ली ते कंदाहार मार्गाचा फारसी पट पाहावा. तो सुमारे 20 मीटर लांब आहे आणि त्याचा विषय एकच, एक वाट. त्याआधी, 1675 साली, लंडनमध्ये जॉन ओगिल्बीने ‘ब्रिटानिया’ या ग्रंथात 100 पानांवर इंग्लंडचे रस्ते उभ्या पट्ट्यांत मांडले होते. रस्ता वळला तरी पट्टी वळत नाही. वळण कळावे म्हणून प्रत्येक पट्टीत होकायंत्र काढलेले. वाट सरळ करून कागदावर आणण्याची युक्ती एवढी जुनी आहे.

नागपूरच्या झिरो माइलजवळच्या षटकोनी दगडावर कोरलेली गावे आणि मैल पाहिले की हीच युक्ती ऐन मोजणीच्या काळातही जिवंत होती असे दिसते. हैदराबाद 318, चांदा 125, जबलपूर 170, शिवनी 79, आणि कवठा 62. वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला तेव्हा त्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होते. दगडावरचे कवठा तेच असावे, असे मला या 62 मैलांवरून वाटते. पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसले ते 1866 साली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईची रेल्वे इथून पुढे नागपूरला पोचली. मग वरोऱ्याच्या कोळशासाठी दक्षिणेकडे फाटा निघाला, पुलगावहून आर्वीला अरुंद रुळांची गाडी धावू लागली आणि कवठ्याचे नाव मागे पडले.

रेल्वेने नकाशाकडे पाहण्याची नजरच बदलली. गाडीत बसलेल्या माणसाला मधल्या ओढ्यानाल्यांशी काम उरत नाही. त्याला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची जागा लागते. अशा व्यवस्थेत नावाचे महत्त्व किती वाढते, हे याच जिल्ह्यात दिसले. गांधीजी 1936 साली सेगावला राहायला गेले, पण विदर्भातच रेल्वेमार्गावर शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला. 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. पुढे वर्धा पूर्व हे स्थानकही सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले.

लंडनच्या भुयारी रेल्वेत आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेकने 1931 साली जे रेखाटन केले, त्याच्या पाठीशी हा सगळा इतिहास होता. त्याच्या आधी जॉर्ज डाऊ यानेही इंग्लंडमधल्या लोहमार्गांच्या सरळ आकृत्या काढल्या होत्या. डाऊचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. बेकने आडव्या, उभ्या आणि 45 अंशांच्या रेघांखेरीज सगळे टाळले, शहराचा गजबजलेला मध्यभाग मोठा केला, उपनगरे जवळ ओढली आणि जमिनीवरची एकच खूण राखली, ती म्हणजे थेम्स नदी. वरिष्ठांनी आधी नाकारलेली ही आकृती जानेवारी 1933 मध्ये छापली गेली आणि लोकांनी ती उचलून धरली.

त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर 1943 मध्ये, देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी आखलेली वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ रस्तेबांधणीच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथे पक्की झाली. रस्त्यांच्या मांडणीचे तिचे सूत्र होते तारा आणि जाळी: मोठ्या गावातून सर्व दिशांना फुटणारे रस्ते, आणि त्यांना जोडणारी चौकट. दुसरे महायुद्ध चालू असताना, गावोगावी बैलगाड्या फिरत असताना, देशाची भूमी या लोकांनी रेघा आणि गाठींमध्ये पाहिली, याचे मला फार अप्रूप वाटते. मैलाच्या दगडांचे रंगही उतरंडीनुसार ठरले आहेत: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा माथा, राज्य मार्गाला हिरवा, ग्रामीण रस्त्याला केशरी. मेट्रोच्या नकाशात प्रत्येक मार्गाला रंग असतो. आपल्या रस्त्यांना तो कडेच्या दगडांवर आधीपासूनच आहे. आणि एस.टी.चे भाडे ज्या सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते, ते टप्पे म्हणजे रस्त्याचे सरळ केलेले रूपच. कंडक्टरच्या हिशेबात घाट आणि वळण यांना वेगळे स्थान नसते, टप्प्यांना असते.

रस्त्यांना उघडपणे बेकची शैली चढली ती या शतकात. अमेरिकेचे आंतरराज्य महामार्ग ख्रिस येट्सने 2007 साली या रीतीने काढले, कॅमेरॉन बूथने पुढे त्यांची अधिक काटेकोर आकृती केली. 2017 साली साशा ट्रुबेट्स्कॉय या विद्यार्थ्याने रोमन रस्तेच भुयारी रेल्वेच्या नकाशासारखे रेखाटले. पॉइटिंगरच्या पटाला असा दुसरा जन्म मिळाला.

विदर्भात मेट्रोची नकाशाशैली आली नागपूर मेट्रोबरोबर. ऑरेंज आणि ॲक्वा असे दोन मार्ग, सीताबर्डीला त्यांची फुली, आणि ऑरेंज मार्गाची दक्षिणेची बाजू वर्धा रोडवरूनच खापरीपर्यंत आलेली. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपुरात एकाच दिवशी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्णत्वाने सुरू झाला आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा भाग खुला झाला. वर्धा जिल्ह्यातून जाणारा हा महामार्ग या शैलीत सर्वांत सहज बसतो. येळाकेळी, विरूळ अशा ठरावीक ठिकाणीच त्यावर चढता-उतरता येते, मधल्या गावांना तो केवळ दिसतो. रेघ आणि ठिपका हे त्याचे खरे वर्णन आहे.

बाकीच्या रस्त्यांचे तसे नाही, आणि वर्ध्याचा नकाशा काढणाऱ्याची कसोटी इथेच लागते. मोठ्या रेघा चटकन पडतात. पूर्वेला नागपूरहून जाम, हिंगणघाट, वडनेर असा दक्षिणेकडे जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग, जो 2010 च्या फेरक्रमांकनापूर्वी 7 होता. उत्तरेला कारंजा आणि तळेगाववरून अमरावतीकडे जाणारा, पूर्वीचा 6 आणि आताचा 53. मधून तिरपा, बुटीबोरीहून वर्धा आणि देवळीवरून यवतमाळकडे जाणारा 361. जामला चंद्रपूरची वाट फुटते, म्हणून तिथे दुहेरी वर्तुळ. वर्ध्याला तारा: आर्वी, हिंगणघाट, सेवाग्राम, पुलगाव, सगळ्या दिशा. पण एस.टी. फाट्यावर थांबते, आणि फाटा तर दर दोन-तीन किलोमीटरला येतो. सगळे फाटे घातले तर आकृती वाचता येत नाही, गाळले तर ज्या गावाला तो एकच थांबा आहे ते गाव नकाशातून जाते. लंडनच्या स्थानकांपुढे बेकला हा प्रश्न पडला नव्हता. मला विचाराल तर ज्या फाट्यावरून आत पक्का रस्ता जातो आणि एस.टी. थांबते, तो लहान ठिपक्याने का होईना, राहिलाच पाहिजे. जागेसाठी रेघा लांबवाव्यात.

आणि वर्धा नदी राखावी. उत्तरेला आणि पश्चिमेला जिल्ह्याची हद्द तीच आहे. पुलगावपलीकडे पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, देवळीच्या पुढे ओलांडला की यवतमाळ. तिची वळणे 45 अंशांत बसवून निळी रेघ काढली आणि पूल नेमके दाखवले, तर वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, तळेगाव यांपैकी कोणत्याही बसस्थानकावर उभ्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळेल. दोन ठिपक्यांच्या मध्ये मात्र किलोमीटरचा आकडा लिहावा, पॉइटिंगरच्या पटावर होता तसा. तो आकडा खरा असावा, यासाठी लॅम्बटनच्या वारसांनी केलेली मोजणी हाताशी आहेच.