लाल गोळीची कुळकथा



अलिबाग-मुरूडकडे असो की उरण-श्रीवर्धनकडे, एक वाक्य आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. "सूनबाईच्या अंगात रक्तच नाही हो!" विहिरीवरून कळशी आणताना तिला धाप लागते, डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसते, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. मग उपकेंद्रातली नर्सबाई किंवा आशाताई येते आणि लाल गोळ्यांची पट्टी हातात ठेवते. सूनबाई चार दिवस गोळी घेते. तिला मळमळतं, शौचाला काळी होते, सासूबाई घाबरतात, आणि पट्टी जाऊन बसते फळीवर, डब्यामागे.

त्या फळीवरच्या गोळीची कुळकथा आज सांगायची आहे. गोळी एवढीशी, पण तिच्यात जिनसा दोन. एक लोह आणि दुसरं फॉलिक आम्ल. पहिल्या जिनसेचा इतिहास फार जुना आहे. दुसरीचा इतिहास मात्र आपल्या अगदी शेजारून, मुंबईच्या परळमधून गेलेला आहे.

आधी लोहाचं पाहू. माणूस पांढरा पडतो या दुखण्याला आपले वैद्य पांडुरोग म्हणत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात लोहाचे व मंडुराचे योग सांगितले आहेत. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना गंजका मळ, शुद्ध करून औषधासाठी वापरलेला. तिकडे इंग्लंडात सतराव्या शतकात सिडनहॅम नावाचा वैद्य पांढऱ्या पडलेल्या रोग्यांना लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देत असे. लोहाने गुण येतो हे ठाऊक होतं. का येतो, ते ठाऊक नव्हतं. अठराव्या शतकात इटलीतल्या मेंगिनी या वैद्याने रक्त वाळवून जाळलं, त्याच्या भुकटीवर लोहचुंबक धरला, आणि काही कण चुंबकाला चिकटले! म्हणजे आपल्या रक्तात खरोखरच लोखंड आहे.

किती म्हणाल, तर मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम. दोन-चार लहान खिळ्यांएवढं. त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश रक्ताच्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिन नावाच्या द्रव्यात असतं. श्वासातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवायचा, ही या हिमोग्लोबिनची हमाली. हमाल कमी पडले की हातापायांना प्राणवायू पुरत नाही, म्हणून धाप लागते. तेव्हा पांढऱ्या पडलेल्या सुनेला आळशी म्हणणं म्हणजे शिडात वारा नसताना होडीला दोष देणं.

आता शरीराची काटकसर बघा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मेली की प्लीहा आणि यकृत तिच्यातलं लोह काढून घेतात, आणि हाडांच्या मगजात त्याच लोहापासून नवी पेशी घडते. मोडीतल्या तांब्याचा नवा हंडा करावा तसं. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरून वापरलं जातं. अन्नातून नवं आत येतं ते रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम. १९३७ साली मॅककॅन्स आणि विडोसन या इंग्रज संशोधकांनी दाखवून दिलं की जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोयच शरीराकडे नाही. जो काही पहारा आहे तो आत घेण्याच्या दारावर, म्हणजे आतड्यात.

याचा अर्थ ध्यानात घ्या. एवढा चिक्कू सावकार कंगाल झाला, तर एक तर आवक कमी असणार, नाही तर तिजोरीला कुठे तरी भोक असणार. बायकांच्या तिजोरीला दोन भोकं निसर्गानेच ठेवली आहेत. एक मासिक पाळी आणि दुसरं बाळंतपण. १ मिलिलिटर रक्त गेलं की सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. एका गरोदरपणाला तर सगळं मिळून जवळजवळ १ ग्रॅम लोह लागतं. लागोपाठ तीन बाळंतपणं झाल्यावर त्या बाईकडे काय उरणार?

हे लोहाचं झालं. पण पांढरेपणा दरवेळी लोहाच्याच तुटीने येतो का? या प्रश्नाचं मोठं उत्तर मुंबईत सापडलं.

साल १९२८. त्या काळी आजचा रायगड म्हणजे कुलाबा जिल्हा. इथली आणि रत्नागिरीची माणसं बोटीने मुंबईला जात, गिरण्यांत कामाला लागत, आणि परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दाटीने राहत. त्या मुंबईत गरोदर बायांना एक भयंकर रक्तक्षय गाठत होता. कित्येक बाया त्यात दगावत. मातामृत्यूंची चौकशी तेव्हा चालू होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून इंग्लंडहून डॉ. ल्यूसी विल्स या विदुषी आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या.

विल्सबाई नुसत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली. कोण काय खातं, भाजी किती, फळं किती, दूध किती. दिसलं असं की ज्यांच्या ताटात सगळ्यांत कमी, त्यांनाच हा रोग सगळ्यांत जास्त. जंतूपेक्षा ताटावर त्यांचा संशय बळावला.

या रोगातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाच्या तुटीत पेशी लहान आणि फिक्या होतात. म्हणजे रोग निराळा. लोह देऊन तो हटेना. मग विल्सबाईंनी माकडांना तसाच निकस आहार दिला. माकडं पांढरी पडली. त्यांना मार्माइट दिलं आणि ती सुधारली. मार्माइट म्हणजे बिअर करताना उरणाऱ्या यीस्टपासून काढलेला काळा, खारट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. तोच अर्क त्यांनी आजारी बायांना दिला, आणि काही दिवसांतच रक्त वाढू लागलं. १९३१ साली हा शोध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळालं. १९४५ च्या सुमारास ते कारखान्यात बनवण्यात यश आलं. त्या कामाचे सूत्रधार होते आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९७० मध्ये भारत सरकारने गरोदर बायांना लोह आणि फॉलिक आम्ल एकत्र देण्याचा कार्यक्रम सुरू केला. तीच आपली लाल गोळी. ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल.

तेव्हा सूनबाई, शौचाला काळी झाली म्हणून भिऊ नका. तो न शोषलेल्या लोहाचा रंग आहे. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्या, वाटल्यास लिंबूपाण्याबरोबर. चहाबरोबर मात्र नको. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवयही त्याच कारणाने वाईट.

ताटाकडेही पाहा. धान्य-भाजीतल्या लोहापैकी फार थोडं अंगी लागतं. मासळी-मटणातलं अधिक सहज लागतं, शिवाय ते शेजारच्या भाजीतलं लोहही आत ओढून नेतं. म्हणून माठाच्या भाजीत मूठभर जवळा टाकणारी आपली आजी अडाणी नव्हती. शाकाहारी घरात कुळीथ आणि माठ-शेवग्याचा पाला असावा, वर लिंबू पिळावं, आवळा-पेरू खावा. आणि घरातला बिडाचा तवा मोडीत घालू नका. आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजला की थोडं लोह अन्नात उतरतं.

पण नुसती गोळी पुरत नाही. तिजोरीचं भोक बुजवायला हवं. नारळी-पोफळीच्या आगरातली माती ओली, सावलीतली, वाळूमिश्रित. तिथे कोणी शौचास बसलं असेल, तर अंकुशकृमीची पिलं त्या मातीत वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत लूस या जर्मन संशोधकाला अपघातानेच कळली. पिलांचं पाणी त्याच्याच हातावर सांडलं होतं! हे कृमी आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. म्हणून पायांत चपला, घरोघर शौचकूप आणि शाळेत मिळणारी जंताची गोळी, ही तिन्ही रक्तवाढीचीच औषधं समजा.

हिवतापानेही रक्त घटतं. काही घराण्यांत, विशेषतः काही आदिवासी जमातींत, सिकलसेल नावाचा दोष आईबापांकडून येतो, आणि तो लोहाने बरा होत नाही. म्हणून गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर कारण शोधायला दवाखाना गाठा. विल्सबाईंनी परळमध्ये शिकवलेला धडा हाच. पांढरेपणा एक, कारणं अनेक.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला. औषध ठाऊक असूनही निम्म्याहून अधिक!

गुरुजी, बाई, शेवटचा शब्द आपल्यासाठी. मागल्या बाकावर जी मुलगी पेंगते, जिला पाढे आठवत नाहीत, तिला उभं करण्याआधी एकदा तिच्या डोळ्याची खालची पापणी जरा खाली ओढून पाहा. आत लाली नसेल, तर छडी बाजूला ठेवा आणि तिच्या आईला बोलावणं पाठवा. कदाचित त्या घरातही एक लाल पट्टी फळीवर, डब्यामागे पडलेली असेल. ती खाली काढायला सांगा.