काचेतला समुद्र आणि पाणी ओतणारी मुलगी



गेल्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि आमच्या गटातल्या एका आजींनी घोट्याजवळचा जुना व्रण दाखवला. नारूचा. तरुण मुलींना नारू म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आजी म्हणाल्या, "पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा गं. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा. तुटला की पाय सुजलाच."

हा नारू आपल्या पोटात जायचा कसा? पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात एक बारीक किडा असतो, सायक्लॉप्स. नारूची पिल्लं त्याच्या अंगात शिरतात आणि किड्यासकट पाणी प्यालं की आपल्या अंगात येतात. अलेक्सेई फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये मध्य आशियात हे ओळखलं. उपाय अगदी साधा होता. पाणी दाट फडक्याने गाळायचं आणि ज्याच्या पायातून नारू निघतोय त्याला विहिरीत उतरू द्यायचं नाही. ते गाळायचं काम घरोघरी कुणी केलं, हे तुम्हाला सांगायला नको. १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आज मी सांगणार आहे ती याच किड्याच्या समुद्रातल्या भाऊबंदांची गोष्ट. या सगळ्या कुळाला कोपेपॉड म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वल्ह्यासारख्या पायांचा. बहुतेक जाती मोहरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. विहिरीत आपण ज्याला गाळून फेकलं, त्याच्याच भावंडांवर समुद्रातली असंख्य मासळी जगते. आणि घरात काचेच्या टाकीत समुद्र सांभाळणाऱ्यांना तर त्याच्यावाचून चालत नाही.

काचेतला समुद्र ही कल्पना मुळात कुणाची? पुस्तकांत बहुधा फिलिप हेन्री गॉस यांचं नाव येतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं त्यात त्यांचा हात होता, आणि पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी टाक्या ठेवायचं वेड लागलं. पण त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्की गावी गेल्या होत्या. तिथले जिवंत प्रवाळ पाहून त्यांना ते घरी न्यावेसे वाटले. प्रवासात प्रवाळ गडगडून मरू नये म्हणून त्यांनी सुईदोरा घेतला आणि तो चक्क स्पंजाला टाचला! समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून तो लंडनला आणला.

आता पंचाईत पाण्याची. लंडनहून समुद्र लांब. बरणीतलं पाणी शिळं झालं की त्यातला प्राणवायू संपतो आणि जीव गुदमरतात. तेव्हा बाईंनी युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, उंचावरून, अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करायला ओततो तसंच, फक्त इथे हेतू पाण्यात हवा मिसळण्याचा. पुढच्या वर्षी त्यांनी टाकीत समुद्री शेवाळ ठेवलं, म्हणजे वनस्पतीच प्राणवायू देतील. असे ते प्रवाळ त्यांनी जवळजवळ तीन वर्षं जगवले. १८५९ मध्ये त्यांचा लेख एका विज्ञान नियतकालिकात छापून आला, आणि त्याला टिपणं लिहिली ती गॉस यांनीच.

पण पाणी ओततं कोण होतं? घरातली मोलकरीण. बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की काम दमवणारं होतं, पण त्या मुलीला ती एक गंमतच वाटे. खरंच गंमत वाटत होती की मालकिणीला तसं वाटत होतं, कोण जाणे! बाईंचं नाव राहिलं. त्या मुलीचं नाव बाईंच्या लेखात नाही. ती हात आखडता घेती, तर प्रवाळ जगले नसते.

हवेचा प्रश्न असा सुटला, पण खाण्याचा राहिला. इथे दुसऱ्या एका बाईंचं नाव घ्यायला हवं, शीना मार्शल. १९२२ पासून त्या स्कॉटलंडमधल्या मिलपोर्टच्या सागरी केंद्रात होत्या. हेरिंग माशांचं मुख्य खाणं असलेला कॅलानस नावाचा कोपेपॉड त्यांनी आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू ऑर यांनी चाळीस वर्षं अभ्यासला. तो काय खातो, किती अंडी घालतो, खोल पाण्यातून वर कधी येतो, हे सगळं. १९२८-२९ मध्ये दोघं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेतही होते. प्रवाळ कसे जगतात, काय खातात, हे त्या मोहिमेने बारकाईने पाहिलं. झाडासारखा दिसणारा प्रवाळ रात्री बारीक हात बाहेर काढून पाण्यातले कोपेपॉडसारखे जीव धरून खातो. १९४९ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने पहिल्यांदा बायकांना सदस्य करून घेतलं. त्या पाचजणींत मार्शल होत्या.

घरातल्या टाकीकडे परत येऊ. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून सांगितली. समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, बस. त्या दगडांच्या फटीत कोपेपॉड असतातच. ते शेवाळ आणि उरलंसुरलं खातात, मासे त्यांना टिपतात. आजची प्रवाळांची टाकी याच विचारावर उभी आहे.

तरी एक दुखणं आहे. मँडरीन नावाचा मासा निळ्या-केशरी नक्षीचा, पैठणीच्या पदरासारखा देखणा. तो दिवसभर दगडावरचे बारीक जीव टिपत फिरतो आणि कोरड्या खाद्याला सहसा तोंड लावत नाही. हौसेने नवी टाकी घेणारा त्याला आणतो, टाकीतले कोपेपॉड थोड्या दिवसांत संपतात आणि मासा भरल्या घरात उपाशी मरतो. समुद्रातून पकडून आणलेला जीव असा वाया जातो.

यावर उपाय म्हणजे कोपेपॉड वेगळे वाढवायचे. एका भांड्यात खारं पाणी, हळू सोडलेली हवा आणि खायला सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी. थोड्या दिवसांनी बारीक जाळीतून काही काढायचे, काही मागे ठेवायचे. विरजणासारखंच. सगळं वापरून टाकलं तर उद्या लावायला काही उरत नाही.

याचा उपयोग फक्त मासा जगवायला नाही. काही माशांच्या पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं की आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची पिल्लंही त्यांना मोठी पडतात. कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिल्लं मात्र तोंडात मावतात, आणि वाढीला लागणारे चांगले स्निग्ध घटकही त्यांत असतात. याच खाण्यावर २०१५ मध्ये हवाई बेटांवरच्या संशोधकांनी पिवळा टँग मासा पहिल्यांदा टाकीत अंड्यापासून वाढवला. तोवर बाजारातला प्रत्येक पिवळा टँग समुद्रातून धरलेला असायचा. आपल्याकडे केरळातल्या विझिंजमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रातही कोपेपॉडच्या जाती वाढवल्या जातात, आणि नवी मुंबईत ऐरोलीला शोभेच्या सागरी माशांचं उबवणी केंद्र आहे.

आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथल्या बायकांना शोभेची सागरी कोळंबी वाढवायला शिकवलं. केंद्रात जन्मलेली पिल्लं त्या विकण्याजोगी होईपर्यंत सांभाळतात. पाणी बदलणं, खाणं घालणं, मेलेली वेचणं, रोज. लंडनच्या त्या मुलीचंच काम म्हणा, पण यांच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात येतात.

आपल्यापैकी कुणी उद्या खाऱ्या पाण्याची टाकी मांडेल म्हणून मी हे सांगितलं नाही. सहयोगिनी म्हणून गावोगाव जाते तेव्हा "काय करता?" असं विचारलं की निम्म्या जणी म्हणतात, "काही नाही, घरीच असते." आणि गटाच्या वहीत लिहिलं जातं, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' चुलीपाशी कोण होतं, पाणी कुणी भरलं, कर्जाचा हप्ता भरायला तीन किलोमीटर चालत कोण गेलं, त्याचा पत्ता नाही.

तर या महिन्याच्या बैठकीत इतिवृत्ताच्या पानावर एक ओळ वाढवा. काम कुणी केलं, तिचं नाव, आडनावासकट. आणि नारूचा व्रण असलेल्या आजी तुमच्या गावात असतील, तर त्यांच्याकडून फडक्याने पाणी गाळायची गोष्टही लिहून घ्या. ती सांगणाऱ्या आता फार थोड्या उरल्यात.