बटण आपण दाबलं, पुढचं काय?



मागच्या दिवाळीआधी आम्ही गटाची पत्र्याची पेटी झाडायला काढली. जुनी पासबुकं निघाली, अंगठ्यांनी भरलेली इतिवृत्ताची वही निघाली, आणि तळाशी पुठ्ठ्याच्या वेष्टनातला एक कॅमेरा निघाला. त्याच्या बारक्या खिडकीत आकडा दिसत होता ५. नव्या सदस्यांना वाटलं, कुणाच्या लेकराचं खेळणं असेल. जुन्या बायकांनी मात्र लगेच ओळखला.

२००४ साली तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शिकवणाऱ्या ताईंनी तो दिला होता. त्यात सत्तावीस फोटो निघायचे. "तुमचा दिवस कसा जातो ते काढून आणा," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कॅमेरा आमच्या पहिल्या अध्यक्षा काकूंकडे राहिला. बावीस फोटो काढून झाले. मग बँकेचा हप्ता आला, रोल धुवायचे पैसे पुढच्या महिन्यावर गेले, आणि तो पुढचा महिना काही आलाच नाही. काकू चार वर्षांपूर्वी वारल्या. ओळखपत्रावरचा सोडला तर गटाकडे त्यांचा एकही फोटो नाही.

आता हा रोल धुवायला द्यायचा का, यावर आमची बैठक बसली. इतक्या वर्षांनी काही निघेल का? पैसे वाया जातील का? त्या निमित्तानं आम्ही या कॅमेऱ्याची माहिती जमवली. तीच आज सांगतो.

फोटो काढणं पूर्वी स्टुडिओवाल्याचं काम होतं. आपण समोर बसायचं आणि हलायचं नाही, एवढंच आपल्याकडे. पडद्यातल्या बायकांना तर तेही अवघड होतं. म्हणून लाला दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकारानं १८९२ साली हैदराबादला खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती. तरी कॅमेरा राहिला स्टुडिओचाच.

तो घरात आला अमेरिकेतून. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये 'कोडॅक' नावाचा डबा-कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १० डॉलर घेऊन ते फोटो धुऊन द्यायचे आणि नवा रोल भरून कॅमेरा परत करायचे. गिऱ्हाइकानं फक्त बटण दाबायचं, बाकी सगळं कंपनी बघेल, अशी त्यांची जाहिरात होती. १९०० साली त्यांचाच 'ब्राउनी' कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. जाहिरातीत मुद्दाम तरुण मुलीच्या हाती कॅमेरा दाखवायचे, कारण घरच्या आठवणी जपणारी बाईच, हे कंपनीनं ओळखलं होतं.

आपल्याकडं कॅमेऱ्यामागं उभी राहिलेली मोठी बाई म्हणजे होमाई व्यारावाला. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. म्हणजे बटण बाईनं दाबलं, तरी पुढचं सगळं तिच्या हातात होतंच असं नाही. आमच्या पेटीतल्या कॅमेऱ्याचीही हीच गोष्ट आहे.

तो कॅमेरा ज्या जातीचा, तो जपानमध्ये जन्मला. फुजी कंपनीनं १९८६ साली असा कॅमेरा आणला की रोल आतच भरलेला, बदलता येत नाही, आणि फोटो संपले की कॅमेऱ्यासकट लॅबला द्यायचा. कोडॅकनं १९८७ मध्ये आपला आणला. त्याचं नावच होतं 'फ्लिंग', म्हणजे भिरकावून देणं. कचरा वाढतो म्हणून लोकांनी नावं ठेवली, तेव्हा कंपनीनं नावही बदललं आणि लॅबकडून रिकामी खोकी परत घेऊन पुन्हा वापरायलाही सुरुवात केली. वापरा आणि फेका, असं या कॅमेऱ्याला म्हणतात खरं, पण यात फेकायचं असतं ते खोकं. रोल फेकायचा नसतो.

या कॅमेऱ्याची एक युक्ती आम्हाला फार आवडली. कारखान्यात सगळा रोल आधीच बाहेर उलगडून ठेवलेला असतो. आपण एक फोटो काढला आणि चक्री फिरवली, की तेवढी फीत डबीत परत जाते आणि खिडकीतला आकडा एकानं कमी होतो. म्हणजे काढलेले फोटो डबीच्या अंधारात सुरक्षित, उघड्यावर राहतात ते कोरे. आमचा ५ आकडा म्हणजे पाच उरले होते आणि काकूंचे बावीस डबीत होते.

पण डबीतल्या फितीवर चित्र दिसत नाही. विरजण लावलेल्या दुधाकडं बघून दही कळतं का? तसंच हे. उजेडानं फितीवरच्या चांदीच्या क्षारांना विरजण लावलेलं असतं, चित्र धरतं ते औषधात घातल्यावर. रंगीत रोलाच्या धुण्याला सी-४१ म्हणतात. पहिलं औषध सुमारे ३८ अंश ऊन ठेवतात आणि रोल त्यात सव्वातीन मिनिटं असतो. मग चांदी काढून टाकणारी औषधं, मग धुणं आणि वाळवणं. उरते ती रंगीत निगेटिव्ह. न धुता ठेवलेला रोल मात्र उन्हानं, दमटपणानं मंदावत जातो. रंग उतरतात, धुरकटपणा येतो.

फोटोनं एवढं काय होतं, असं आमच्यातल्याच एकीनं विचारलं. तर ऐका. १९९०च्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात ६२ खेडवळ बायकांना रोलचे साधे कॅमेरे दिले होते. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी ते काम उभं केलं. बायकांनी आपलं रोजचं जगणं टिपलं. एका फोटोत बाई मक्याच्या शेतात निंदतेय आणि तिचं तान्हं बाळ बांधाला एकटं पडलंय. असे फोटो बायकांनी अधिकाऱ्यांपुढं मांडले आणि आपल्या तोंडानं समजावून सांगितले. त्यातून पाळणाघर, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींच्या शिक्षणाला मदत, अशा कामांना जोर मिळाला. या पद्धतीला 'फोटोव्हॉइस' म्हणतात. पुढं ती अनेक देशांत गेली, आणि बऱ्याच ठिकाणी बायकांच्या हाती असेच डिस्पोजेबल कॅमेरे दिले गेले. तिथं फोटो धुऊन बायकांपुढं आले, म्हणूनच त्या बोलू शकल्या. आमचे पेटीत राहिले.

आता हे कॅमेरे पुन्हा मिळायला लागलेत. लग्नात, सहलीला पोरं हौसेनं घेतात. घ्यायचा झाला तर आधी खोक्यावरची मुदतीची तारीख बघा. फ्लॅश आहे का बघा. घरात, सांजेला फ्लॅशशिवाय काही निघत नाही, आणि फ्लॅशचा उजेडही साधारण दहा फुटांपर्यंतच पोचतो. माणसापासून तीन-चार फूट तरी लांब उभं राहा, जवळचं धूसर येतं. आयएसओ हा आकडा ४०० किंवा ८०० असतो, ८०० ला उजेड कमी लागतो. काही कॅमेरे काळ्या-पांढऱ्या रोलाचे असतात. त्यातल्या काहींचं धुणं वेगळ्या औषधात होतं, म्हणून खोक्यावर सी-४१ लिहिलंय का ते दुकानदाराला विचारा. आणि खोकं घरी उघडू नका. फ्लॅशची वीज आत साठलेली असते, जोराचा झटका बसतो.

धुवायला देताना तीन गोष्टी. आधी विचारा, रोल तुम्हीच धुता का पुढं पाठवता? तालुक्याच्या स्टुडिओतली यंत्रं बहुतेक गेली, पण पुण्या-मुंबईत लॅब आहेत आणि त्या कुरिअरनं रोल घेतात. दुसरं, निगेटिव्ह परत पाहिजे, असं पावतीवर लिहून घ्या. काही ठिकाणी मोबाईलवर फोटो पाठवून निगेटिव्ह टाकून देतात. फोन हरवला तर निगेटिव्हवरून पुन्हा प्रिंट निघते. तिसरं, प्रिंटच्या मागं नाव, गाव, तारीख लिहा. गटात नोंद नसलेला पैसा जसा कुणाचाच नसतो, तसा नाव नसलेला फोटो.

आमचा रोल आम्ही शेवटी धुवायला दिला. सगळ्यांनी वर्गणी काढली. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. बावीसपैकी तेरा निघाले, फिके, तांबूस झाक आलेले. हापशावरची रांग, चुलीचा धूर, शेतात गुडघे टेकून बसलेली एक सासू, शाळेच्या दारात उभी असलेली आणि आत न गेलेली एक मुलगी. ती आज आमच्या गटाची सचिव आहे. तिनं तो फोटो बराच वेळ हातात धरला.

काकू कशातच नव्हत्या. कशा असतील, बटण त्यांच्याच हातात होतं. तीन फोटोंच्या कोपऱ्यात तेवढं त्यांचं बोट आलंय. आम्ही तेरा फोटोंच्या मागं लिहिलं, 'फोटो काढणार' आणि काकूंचं नाव. निगेटिव्ह कोरड्या डबीत इतिवृत्ताच्या वहीजवळ ठेवली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पेटी, घरातल्या ट्रंका या आठवड्यात एकदा उघडा. असा रोल किंवा कॅमेरा निघाला तर तो उघडू नका, टाकू नका आणि पुढच्या महिन्यावरही ढकलू नका.