गेरिटला नावं ठेवण्याआधी
मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याचा कोड २०१२ पासून गेरिटवर तपासला जातो. सुट्टीत नागभीडला घरी बसून मी तिथे पहिला पॅच पाठवला. शेरा आला, चूक सुधारली, सवयीने नवा कमिट केला, आणि वेगळाच दुसरा बदल उभा राहिला! गिटहबवर शिकला असाल तर तुमचंही हेच होईल.

याचं मूळ जुनं आहे. २००६ मध्ये गीडो व्हान रॉसम यांनी गूगलमध्ये मोंड्रियान बनवलं. त्यावरून २००८ मध्ये रीटव्हेल्ड आलं, त्यातून अँड्रॉइडसाठी गेरिट. (गेरिट रीटव्हेल्ड या डच वास्तुकाराचं नाव दोघांनी वाटून घेतलंय.) इथे शाखा नाही, एकेक बदल तपासतात. त्याची ओळख म्हणजे चेंज-आयडी. म्हणून तोच कमिट अमेंड करून पुन्हा पाठवा. चेंज-आयडीच्या ओळीला मात्र हात लावू नका.