पद्मिनीच्या ब्रेकची बखर

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या रंगाची पद्मिनी टॅक्सी निघून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी 2003 सालची. हिशेब पुरा झाला. त्या दिवसांत तिच्या टपावरचं कॅरिअर, बाहेर लावलेलं मीटर, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, सगळ्यांच्या आठवणी निघाल्या. तिच्या थरथरणाऱ्या ब्रेकची आठवण मात्र माझ्या वाचनात आली नाही. खरं तर त्या थरथरीभोवती आपल्या शहरांत एक मोठं शास्त्र उभं राहिलं होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी कवितेचा माणूस, यंत्राचा नव्हे; पण आमच्या मीरा-भाईंदरमध्ये गॅरेजच्या बाकड्यावर बसून जे ऐकलं आणि पाहिलं, त्याची नोंद करावीशी वाटते.

आधी थोडा इतिहास. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीची फियाट आली. 1964 च्या सुमारास अकराशेचं ‘डिलाइट’ हे रूप आलं आणि इटलीशी असलेला करार संपल्यावर त्याच गाडीचं 1974 साली ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. नाव बदललं, 1089 सीसीचं इंजिन आणि चाकांतले ब्रेक जवळजवळ तेच राहिले. परवान्यांचा तो काळ. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि सुटा भाग मिळणंही सोपं नसे. त्यामुळे झालं असं, की एकाच घडणीची गाडी तीन-साडेतीन दशकं मेकॅनिकच्या हाताखाली येत राहिली. बापानं जो ड्रम उघडला, तोच ड्रम मुलानं उघडला. ज्ञान मुरायला एवढा अवधी पुरेसा होता.

टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणारं बिडाचं एक गोल भांडं, त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू, आणि शूवर बसवलेलं लायनर. पाय दाबला की तेलाच्या दाबानं शू बाहेर पसरतात आणि भांड्याला आतून घासतात. या रचनेचं श्रेय फ्रान्सच्या लुई रेनॉ यांना देतात, साल 1902. गंमत म्हणजे त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण डिस्कला चांगले दिवस यायला अर्धं शतक जावं लागलं.

ड्रम गोल आहे तोवर सगळं ठीक. तो किंचित अंडाकृती झाला, की शू एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला सैल पडतो, आणि ब्रेक मारल्याबरोबर गाडी थरथरू लागते. आमच्याकडे याला ‘ड्रम आऊट झाला’ म्हणतात.

आमच्या भागात ड्रम आऊट व्हायला निमित्तं पुष्कळ. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे भाईंदरची मिठागरं, हवा खारी. पावसाळ्यात चार-आठ दिवस गाडी उभी राहिली की ड्रमच्या आत गंज धरतो आणि जिथं शू टेकलेला असतो तिथं वेगळा डाग उमटतो. थोडा गंज चालवल्यावर निघून जातो, खोल गेलेला निघत नाही. दुसरं निमित्त घोडबंदर रस्त्याचं. गायमुखच्या उतारावर ट्रकमागे रखडत, सतत ब्रेकवर पाय ठेवून खाली उतरायचं आणि चहाला थांबताना तापलेल्या ड्रमवर हॅन्डब्रेक करकचून ओढायचा. आवळलेल्या अवस्थेत ड्रम थंड होतो, तो पूर्वीसारखा गोल राहीलच असं नाही. जुने चालक म्हणूनच थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवत आणि चाकाला दगड लावत.

काशिमीऱ्याकडच्या एका गॅरेजात एक वयस्कर उस्ताद होते. थरथरीची तक्रार घेऊन कुणी आलं की ते पान्याला हात लावत नसत. आधी प्रश्न विचारत, “ब्रेक न मारताही थरथरते का?” उत्तर हो आलं, तर ब्रेकचा संबंध नाही, टायर, चाकाचं बॅलन्सिंग किंवा प्रोपेलर शाफ्ट बघायचा. नाही म्हटलं, तर दुसरा प्रश्न, “हात थरथरतो, की बैठक?” स्टिअरिंग हातात हादरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीटखाली हादरा येत असेल तर मागच्या. पायाखालचं पेडल उसळत असेल, तर ड्रम आऊट झाल्याची शंका पक्की.

तरीही खात्री करायची असेल, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागं-पुढं कुणी नसताना, मध्यम वेगात हॅन्डब्रेक हळूहळू ओढून बघायचा, त्याचं बटण दाबूनच धरायचं. बहुतेक गाड्यांत हॅन्डब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा थरथर आली तर मागचे ड्रम उघडायचे, नाही आली तर पुढचे. सगळी गाडी खोलण्याआधी निम्मं काम असं बसल्या जागी होई.

मला यातली लय फार आवडे. ताशी साठ किलोमीटरला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं. ड्रम अंडाकृती असेल, तर एका फेरीत दोन ठोके, म्हणजे सेकंदाला अठरा. वेग निम्मा झाला की ठोकेही निम्मे. वेगाबरोबर ठोका संथ होत गेला, म्हणजे दोष फिरणाऱ्या वस्तूत आहे. उस्तादांनी हे गणित कधी मांडलं नाही, त्यांच्या कानाला ते कळत असे.

ड्रम उघडल्यावरही ते लगेच लेथवर पाठवत नसत. आधी चाकाचं बेअरिंग, टायरॉड एंड, बुश हलवून बघत. तिथं ढिलाई असेल तर लहानसा दोषही मोठा होऊन स्टिअरिंगपर्यंत पोचतो. हबवरचा गंज घासून काढत. चाकाचे नट समोरासमोर, थोडे थोडे आवळत. कारण लेथवर ड्रम गोल होतो खरा, पण दरवेळी पातळही होतो. पातळ ड्रम लवकर तापतो, लवकर आऊट होतो आणि मर्यादेपलीकडे घासला तर तडकतोही. दर सहा महिन्यांनी परत येणाऱ्या थरथरीचं मूळ पुष्कळदा आधीच्या दुरुस्तीत असे.

आता पुढच्या चाकांना डिस्क आल्या. ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं, पण पुष्कळदा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर एके ठिकाणी जास्त चिकटलेला असतो. हबवर गंज राहिला किंवा नट वेडेवाकडे आवळले, तर नवी डिस्कही काही हजार किलोमीटरनंतर थरथरू लागते. म्हणजे उस्तादांचा क्रम इथंही तोच. नवी गोष्ट एवढीच, की एबीएस असलेल्या गाडीत एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल ठोके देतं, तो दोष नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल खोल जात असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर मात्र परीक्षा करत बसू नये. गाडी तिथंच उभी करावी.

या बखरीचं एक पान काळं आहे. इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूड यांनी 1897 मध्ये, उतारावरच्या घोडागाड्या बघून, ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला. पुढं त्या अस्तरात उष्णता सोसणारं अ‍ॅस्बेस्टॉस आलं आणि जगभर पसरलं. ड्रम उघडला की आत करडी भुकटी असे. आमच्या गॅरेजांतली पोरं ती फुंकून उडवत, नाहीतर हवेच्या नळीनं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतो, आणि तो दिसायला वीस-तीस वर्षं जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शहराचे ब्रेक ज्यांनी सांभाळले, त्यांच्या छातीचा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही. जुन्या गाडीचा ड्रम आजही उघडणाऱ्यानं भुकटी कोरडी उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी आणि तोंडाला नीट मास्क लावावा.

उस्तादांचं गॅरेज आता नाही, तिथं इमारत आहे. 2002 साली आमच्या गावांची महानगरपालिका झाली, त्यानंतर अशी कितीतरी गॅरेजं गेली. किल्ल्यांचा इतिहास शिलालेखांत सापडतो, कारागिरांचा इतिहास त्यांना विचारूनच मिळतो. तुमच्या नाक्यावर असा एखादा म्हातारा मेकॅनिक अजून बसत असेल, तर त्याच्याजवळ जा, तो कोणता प्रश्न आधी विचारतो ते ऐका, आणि घरी येऊन वहीत उतरवून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)