ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी : वैद्यकीय संख्याशास्त्राच्या इतिहासातील एक टप्पा

वैद्यकाच्या इतिहासात औषधे शोधणाऱ्यांची नावे ठळकपणे येतात; औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरविण्याची रीत घालून देणारा संख्याशास्त्रज्ञ मात्र बहुधा तळटीपेत राहतो. सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७-१९९१) यांचे नाव धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावरील संशोधनामुळे सर्वपरिचित आहे. त्या संशोधनाच्या अगोदर, १९४६ ते १९४८ या काळात, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीत त्यांनी बजावलेली कामगिरी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हिल यांना डॉक्टर व्हावयाचे होते. वडील लिओनार्ड हिल हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ असल्याने ते स्वाभाविकही होते. परंतु पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून काम करीत असताना १९१७ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. ते वाचतील अशी फारशी आशा नव्हती. सुमारे दोन वर्षे अंथरुणावर आणि आणखी दोन वर्षे प्रकृती सावरण्यात गेली. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाल्यावर त्यांनी घरी राहून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी १९२२ मध्ये मिळविली. वडिलांचे स्नेही मेजर ग्रीनवुड (‘मेजर’ हा हुद्दा नव्हे, नावच) यांनी त्यांना वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळविले. पुढे हिल यांनी कार्ल पिअर्सन यांची व्याख्याने ऐकली. १९३३ पासून ते ‘लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन’ येथे अध्यापन करू लागले आणि तेथेच ग्रीनवुड यांच्यानंतर प्राध्यापक झाले. औपचारिक गणिती शिक्षण बेताचेच असलेला हा मनुष्य या विषयाचा आधारस्तंभ ठरला, ही गोष्ट पदव्यांवरून पात्रता मोजणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९३७ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकातील त्यांची लेखमाला ‘प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स’ या नावाने ग्रंथरूपात आली. शेतीच्या प्रयोगांतील यादृच्छिक वाटपाचे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी तोवर मांडले होते. हिल यांनी मात्र या लेखनात त्याचा आग्रह धरला नाही; एक रोगी या गटात, पुढचा त्या गटात, अशी आळीपाळीची सोपी रीतच सांगितली. डॉक्टर मंडळी बिचकू नयेत म्हणून आपण हे जाणूनबुजून केले, असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. आळीपाळीतील दोष उघड होता. पुढच्या रोग्याच्या वाट्याला काय येणार हे डॉक्टरास आधीच ठाऊक असल्याने कोणाला चाचणीत घ्यावयाचे व कोणाला नाही, यात त्याचा कल नकळत शिरत असे.

हा दोष दूर करण्याची संधी स्ट्रेप्टोमायसिनने दिली. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शोधले गेलेले हे औषध युद्धोत्तर ब्रिटनला डॉलरच्या टंचाईमुळे अल्प प्रमाणातच मिळाले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यातील साठा प्रथम क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या, मृत्यू जवळजवळ अटळ असलेल्या रोग्यांसाठी राखून ठेवला. उरलेले औषध फुप्फुसाच्या सर्व क्षयरोग्यांना पुरणे शक्य नव्हते. काहींना ते मिळणार नव्हतेच. मग कोणाला मिळावे हे ओळखीपाळखीवर न सोडता दैवावर सोडले, तर निदान खात्रीलायक ज्ञान तरी हाती येईल, असा हा युक्तिवाद होता. आजही तो सहजासहजी खोडता येत नाही.

दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा क्षय झालेले १०७ तरुण रोगी निवडण्यात आले. ५५ जणांना अंथरुणातील विश्रांतीबरोबर औषध मिळाले, तर ५२ जणांना केवळ विश्रांती. गटवाटप यादृच्छिक संख्यांवरून ठरवून क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत ठेवले होते आणि रोग्याची निवड पक्की झाल्यावरच पाकीट उघडले जाई. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही रोगी कोणत्या गटातील हे सांगितले जात नसे. यात अवघड गणित जवळजवळ नाहीच. हिल यांचे खरे कर्तृत्व सूत्रांत नसून या पाकिटात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

सहा महिन्यांअखेर औषध मिळालेल्यांपैकी ४ जण, तर केवळ विश्रांती घेणाऱ्यांपैकी १४ जण दगावले होते. हा अहवाल ऑक्टोबर १९४८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्याच अहवालात एक धोक्याची सूचनाही होती. औषध मिळालेल्या अनेक रोग्यांतील जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनंतर पाहता ५५ पैकी ३२ व ५२ पैकी ३५ रोगी मरण पावले होते. म्हणजे आरंभीचा मोठा फरक बराचसा ओसरला होता. तुलनेचा गट नसता तर पहिल्या सहा महिन्यांच्या यशावरच सर्वांनी समाधान मानले असते. स्ट्रेप्टोमायसिनला पास या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यास जंतूंचा प्रतिरोध रोखता येतो, हे पुढील चाचणीतून १९५० मध्ये दिसून आले.

या चाचणीवरील एक आक्षेप मात्र दुर्लक्षिता येत नाही. विश्रांती गटातील रोग्यांना आपण एखाद्या चाचणीत आहोत याची कल्पनाच नव्हती. त्यांची संमती घेतलेली नव्हती. ‘त्या काळी तशी प्रथा नव्हती’ हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या खरे आहे. परंतु चाचणीच्या पहिल्याच वर्षी, १९४७ मध्ये, न्यूरेंबर्ग येथील निकालपत्राने मानवी प्रयोगांसाठी संमती अत्यावश्यक ठरविली होती, हेही तितकेच खरे. ज्या हिल यांनी स्वतः तरुणपणी वर्षानुवर्षे याच रोगाने अंथरूण धरले होते, त्यांनी या ५२ जणांविषयी काय विचार केला असेल, हा प्रश्न अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

या ५२ जणांना मिळालेली विश्रांती ही तेव्हा क्षयावरील प्रमुख उपचारपद्धती होती. तिचीही परीक्षा पुढे झाली, ती भारतात. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रात, भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे तेच कौन्सिल यांच्या सहकार्याने, गरीब वस्त्यांतील रोग्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात, तर दुसऱ्याला स्वतःच्या घरी एक वर्ष सारखीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अपुरा आहार, दाटीवाटीची घरे व कमी विश्रांती असूनही घरी औषधे घेणारे रोगी जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. त्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. आरोग्यधामातील खाट मिळण्याची वाट पाहणे त्यानंतर भारतातील क्षयरोग्यास अपरिहार्य राहिले नाही.